मुंबईत घर घेण्याआधी: भाव कसा वाचावा, ऐपत कशी मोजावी

मुंबईत घर घ्यायचे मनात आले की बहुतेक कुटुंबे एखाद्या रविवारी सॅम्पल फ्लॅट पाहायला निघतात आणि चूक तिथेच होते. आधी घर आवडते, मग त्याची किंमत कळते, आणि त्यानंतर ती किंमत आपल्याला परवडते असे स्वतःला पटवण्याची आकडेमोड सुरू होते. हा क्रम उलटा करावा. घर पाहायला बाहेर पडण्याआधी दोन आकडे आपल्या वहीत लिहिलेले असावेत: आपल्याला किती रुपयांचे घर झेपते, आणि आपण ज्या भागात शोधत आहोत तिथे गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या दराने झाले. पहिला आकडा बँक सांगत नाही आणि दुसरा दलाल सांगत नाही; दोन्ही आपल्यालाच काढावे लागतात, आणि दोन्ही घरबसल्या, जवळजवळ फुकट काढता येतात.

पुढील विवेचन स्वतः राहण्यासाठी पहिले घर घेणाऱ्या पगारदार कुटुंबासाठी आहे. भाड्याच्या उत्पन्नासाठी किंवा विकून नफा मिळवण्यासाठी घर घेणाऱ्यांचे गणित वेगळे असते आणि ते येथे मांडलेले नाही.

ऐपत पासबुकातून काढावी

बँक कर्ज मंजूर करताना आपले उत्पन्न आणि चालू हप्ते पाहते. आईची औषधे, मुलांची फी, गावच्या घराच्या कौलांची दुरुस्ती आणि गणपतीत गावी जाण्यायेण्याचा खर्च तिच्या हिशेबात नसतो. म्हणून मंजूर झालेली रक्कम ही वरची मर्यादा समजावी, ऐपत समजू नये. ऐपत मोजण्याची साधी रीत अशी: गेल्या बारा महिन्यांचे पासबुक समोर घ्यावे, दरमहा दिलेले घरभाडे लिहावे, आणि वर्षअखेर खरोखर शिल्लक राहिलेल्या रकमेचा बारावा हिस्सा त्यात मिळवावा. आजची राहणी न मोडता घरासाठी दरमहा बाजूला काढता येईल अशी रक्कम ती हीच. आईवडिलांच्या घरी राहत असल्यास भाड्याच्या जागी शून्य येते, आणि मग केवळ शिल्लकीवरच हिशेब करावा लागतो. आकड्याविषयी शंका असेल तर सहा महिने तेवढी रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला आवर्ती ठेवीत भरून पाहावी. हप्ता भरण्याची ही तालीम आहे. तिसऱ्याच महिन्यात ओढाताण झाली, तर आकडा चुकला असे समजावे.

एक उदाहरण घेऊ. नवराबायको दोघे नोकरी करतात, वन बीएचकेचे भाडे ३०,००० रुपये आहे आणि महिन्याला सरासरी २०,००० रुपये शिल्लक पडतात. बेरीज ५०,००० झाली. त्यातून नव्या घराच्या सोसायटीचा मेंटेनन्स म्हणून ५,००० वजा केले आणि अडीअडचणीसाठी आणखी ५,००० राखले, तर हप्त्यासाठी ४०,००० उरतात. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे या कुटुंबाला ४६ लाखांचे कर्ज झेपते. त्यांच्याकडे २९ लाखांची बचत आहे असे धरू. त्यातले ५ लाख आजारपण किंवा नोकरीतला खंड यांसाठी कुलूपबंद ठेवले, तर २४ लाख उरतात. कर्ज आणि बचत मिळून हातात ७० लाख आहेत.

मात्र ७० लाखांत ७० लाखांचे घर येत नाही, आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची फसगत बहुधा याच जागी होते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे; घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास ते ५ टक्के होते, आणि ठाण्यात सर्वसाधारण दर ७ टक्के पडतो. नोंदणी फी १ टक्का असली तरी ती ३०,००० रुपयांपुढे जात नाही. रिसेलच्या घरात दलाली असते. ती १ टक्का धरली आणि रंगरंगोटी, प्लंबिंग, स्वयंपाकघराचा ओटा यांसाठी २ लाख ठेवले, तर ७० लाखांतून घराच्या किमतीसाठी सुमारे ६३ लाख उरतात. बांधकाम चालू असलेल्या घरात दलाली सहसा नसते, पण ५ टक्के जीएसटी लागतो, आणि हाच आकडा सुमारे ६१ लाखांवर येतो. पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर), डेव्हलपमेंट चार्जेस, आगाऊ मेंटेनन्स असे बिल्डरच्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात येणारे खर्च यात धरलेले नाहीत. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेल्या इमारतीतील घरावर जीएसटी लागत नाही, हे लक्षात ठेवावे.

शिवाय बँक किमतीच्या किती टक्के कर्ज देऊ शकते यावर रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत सहसा धरली जात नाही, त्यामुळे ती रोखीतूनच द्यावी लागते. आणखी एक गोष्ट मी स्वतः पैसे गमावून शिकलो. ही टक्केवारी विक्रेत्याशी ठरलेल्या किमतीवर नव्हे, तर ती किंमत आणि बँकेच्या मूल्यांककाने काढलेले मूल्य यांतील कमी आकड्यावर लावली जाते. माझे घर ५८ लाखांना ठरले होते. इमारत जुनी असल्यामुळे मूल्यांककाने ५० लाख लिहिले, आणि कर्ज जवळपास साडेसहा लाखांनी कमी झाले. तेवढी रक्कम उभी करता आली नाही आणि दिलेले टोकन, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम, गेले, कारण ते परत मिळण्याची अट मी कुठेही लिहून घेतली नव्हती.

व्याजाचा दर आज आहे तसाच २० वर्षे राहील असे धरू नये. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी, बहुधा रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी), जोडलेली असतात. मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला रेपो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला. वरच्या उदाहरणातल्या ४६ लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेसात टक्क्यांना सुमारे ३७,०००, साडेआठला ३९,९०० आणि साडेनऊला ४२,९०० होतो. साडेनऊ टक्क्यांचा हप्ता भरता येत असेल तरच साडेआठ टक्क्यांचे कर्ज घ्यावे. दर वाढला की बँका हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवत असत आणि पन्नाशी ओलांडलेल्या कर्जदाराला कर्ज निवृत्तीपलीकडे गेल्याचे उशिरा कळत असे. ऑगस्ट २०२३ मधील रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानंतर हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारणे बँकेवर बंधनकारक आहे. मुदत वाढवणे सोपे वाटते, पण तेच कर्ज २५ वर्षांचे केले तर हप्ता सुमारे २,९०० रुपयांनी कमी होतो आणि एकूण परतफेड १५ लाखांहून अधिक वाढते.

प्राप्तिकरात सूट मिळेल हे गृहीत धरूनच अनेक जण घराचा हिशेब मांडतात. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरील २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत आहे, नव्यात नाही. आणि आता नवी प्रणालीच मूळ धरली जाते. आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते पाहिल्याशिवाय करबचतीचा एक रुपयाही हिशेबात घेऊ नये.

भाव जाहिरातीत नसतो, दस्तात असतो

एकाच इमारतीतील एकाच आकाराच्या घराचे तीन भाव असतात. संकेतस्थळावर टाकलेला भाव ही विक्रेत्याची इच्छा असते, दलाल सांगतो तो भाव घासाघीस सुरू करण्यासाठी असतो, आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तात लिहिलेला मोबदला हा झालेला व्यवहार असतो. विसंबायचे ते तिसऱ्यावर.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची मोफत सेवा आहे. मुंबईतील मिळकत शोधताना तिथे आपल्या बोलण्यातले नाव चालत नाही, महसुली गावाचे नाव लागते. गोरेगावचा एखादा भाग ‘पहाडी गोरेगाव’ या नावाखाली, तर बोरिवली पूर्वेचा काही भाग ‘मागाठाणे’ या नावाखाली सापडतो. नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सीटीएस नंबर, इमारतीच्या कोणत्याही जुन्या करारनाम्यात असतो किंवा महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, पानावर मिळतो. गाव, वर्ष आणि हा क्रमांक भरला की त्या वर्षी नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, उघडता येते.

ती वाचताना दोन रकमा दिसतात आणि नवखा माणूस तिथे गोंधळतो. ‘मोबदला’ म्हणजे खरेदीदाराने कबूल केलेली किंमत. ‘बाजारभाव’ म्हणजे रेडी रेकनरने काढलेले सरकारी मूल्य, आणि नावात बाजार असला तरी त्याचा प्रत्यक्ष बाजाराशी संबंध सैलच असतो. मुद्रांक शुल्क या दोहोंतील मोठ्या रकमेवर आकारले जाते. आपण वहीत मोबदला उतरवावा. बक्षीसपत्रे, नातेवाइकांमधील हस्तांतरणे आणि पुनर्विकासात जुन्या सभासदांना मिळालेल्या पर्यायी जागांचे करार वगळावेत. त्यांतील रकमा भाव म्हणून धरल्या तर सगळाच हिशेब बिघडतो. उरलेल्यांपैकी त्याच इमारतीतील किंवा शेजारच्या त्याच वयाच्या इमारतींतील पाचसहा व्यवहार घ्यावेत. एखाद्या व्यवहारात पार्किंग धरलेले आहे का, मजला कोणता, हे पाहून फरक समजून घ्यावा.

क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ४० चौरस मीटरचे घर सुमारे ४३० चौरस फुटांचे झाले. पण ते कार्पेट आहे की बिल्टअप, हे नीट वाचावे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ नुसार कार्पेट क्षेत्रात घराच्या आतील भिंती धरल्या जातात, तर बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. महारेरापूर्वीच्या करारांत मात्र बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून) आणि सुपर बिल्टअप (जिना, लिफ्ट यांचा वाटाही धरून) असे दोन्ही प्रकार आढळतात, आणि ६५० फुटांचे म्हणून सांगितलेले घर आत टेप लावून मोजले तर सव्वाचारशे फुटांचे निघते. रिसेलचे घर पाहायला जाताना खिशात टेप ठेवावी. विक्रेत्याला अवघडल्यासारखे झाले तरी चालेल, खोल्या मोजाव्यात, आणि सर्व घरांची तुलना कार्पेटच्या प्रति चौरस फूट दरावरच करावी.

आता दोन्ही आकडे एकत्र आणावेत. वरच्या कुटुंबाचे ६३ लाख, दर २५,००० असलेल्या भागात २५२ चौरस फूट घेऊन देतात. दर १५,००० असल्यास ४२० आणि १२,००० असल्यास ५२५. हे तीन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले की कोणत्या स्टेशनांपर्यंत शोध घ्यायचा हे आपोआप ठरते, आणि न परवडणारी वीस घरे पाहण्यात जाणारे सहा रविवार वाचतात.

बाजाराच्या बातम्या वाचताना

दर महिन्याच्या पहिल्या दोनतीन दिवसांत मुंबईत किती दस्त नोंदवले गेले याची बातमी येते. २०२४ मध्ये मुंबईत १ लाख ४० हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले, आणि अशा आकड्यावरून ‘घरांना विक्रमी मागणी’ असा मथळा तयार होतो. या मथळ्यावरून आपल्या ऐपतीच्या घरांविषयी फारसे काही कळत नाही, कारण त्या संख्येत दीड कोटीची घरेही असतात आणि पंधरा कोटींचीही. मोजायचेच असेल तर आपल्या किंमतपट्ट्यातील आणि आपण शोधत असलेल्या महसुली गावातील व्यवहार मोजावेत, आणि ते ई-सर्चवर दिसतात.

शिवाय संख्या महिन्यागणिक हलते त्यामागे साधी कारणे असतात. मार्चमध्ये नोंदणी वाढते, कारण १ एप्रिलला रेडी रेकनर वाढण्याची शक्यता असते. २०२५ मध्ये ती राज्यात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढली. गुढीपाडवा आणि दसऱ्याच्या आसपास गर्दी होते, पितृपक्षात ओसरते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणले आणि नंतर मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के ठेवले, तेव्हा डिसेंबर आणि मार्चमध्ये नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली होती. पुढचे दोनतीन महिने मागणी मंदावली; त्याचे एक कारण म्हणजे त्या महिन्यांतले व्यवहार आधीच उरकले गेले होते.

‘भाव पडले की घेऊ’ म्हणून थांबलेल्यांनी एक गोष्ट जाणावी. मुंबईत छापील दर सहसा खाली येत नाही. मागणी थंडावली की बिल्डर मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, पार्किंग फुकट देतो, मॉड्युलर किचन देतो, पण प्रति फूट दराचा फलक बदलत नाही, कारण तो बदलला तर आधी घेतलेले ग्राहक दारात येऊन उभे राहतात. नोटाबंदीनंतरच्या तीनचार वर्षांत असेच झाले. दर जवळपास जागच्या जागी राहिले आणि पगारांची वाढ व महागाई यांनी ते आतून स्वस्त केले. म्हणून थांबायचे असेल तर भाव पडण्यासाठी थांबू नये, स्वतःची बचत वाढवण्यासाठी थांबावे, आणि दरम्यान दर तीन महिन्यांनी त्याच पाचसहा इमारतींचे नवे दस्त पाहत राहावे.

मेट्रो, पूल आणि विमानतळ यांच्या नावाने आकारला जाणारा भाव आणखी सावधपणे घ्यावा. आरे ते कफ परेड या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोचे खोदकाम २०१७ मध्ये सुरू झाले, पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. ज्यांनी या मार्गाच्या आसपास ‘मेट्रो येतेच आहे’ म्हणून वाढीव दर दिला, त्यांना पहिली गाडी येईपर्यंत कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. जी सोय आज चालू आहे तिला पैसे द्यावेत. जी कागदावर आहे, ती कधीच आली नाही तरी हे घर चालेल का, असा प्रश्न विचारून ठरवावे.

उपनगरांतील भाडी वाढण्यामागे पुनर्विकासाचा मोठा हात आहे. एकाच रस्त्यावरच्या चारपाच सोसायट्या पाडायला निघाल्या की दोनशे कुटुंबे मुलांच्या शाळेच्या जवळच तीनचार वर्षांसाठी जागा शोधतात, आणि त्यांचे भाडे बिल्डर देत असल्याने घरमालकांचे बोल वाढतात. अशा ठिकाणी आज दिसणारे भाडे कायमचे समजून ‘भाड्याऐवजी हप्ताच भरू’ असा निष्कर्ष काढू नये. त्या इमारती तयार झाल्या की सभासद परत जातात आणि विक्रीची नवी घरेही बाजारात येतात.

पुढचे स्टेशन

ऐपतीचा आकडा लहान असला की शोध विरार, बदलापूर, टिटवाळा, पनवेलकडे सरकतो. त्यात कमीपणा काही नाही. गिरणगावातली कुटुंबेही १९८२ च्या संपानंतर याच मार्गाने उत्तरेकडे आणि पूर्वेकडे गेली. पण किंमत कमी होते तेव्हा तिचा काही भाग वेळेच्या रूपात भरावा लागतो. बदलापूरहून सीएसएमटीला जाताना गाडीतच सव्वा तासाच्या आसपास जातो. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी धरले की रोजचे चार तास सहज होतात. घर पक्के करण्याआधी कामाच्या दिवशी, सकाळी साडेसातच्या सुमारास, त्या स्टेशनवरून कचेरीपर्यंत एकदा प्रत्यक्ष जावे आणि संध्याकाळच्या गर्दीत परतावे. नवरा आणि बायको दोघांनीही जावे, कारण बहुतेक घरांत एकाच्या प्रवासाचा विचार होतो आणि दुसऱ्याने पुढे नोकरी सोडल्यावर वरचे सगळे गणित कोसळते.

पाण्याची चौकशी बिल्डरकडे करू नये, शेजारच्या इमारतीच्या वॉचमनकडे करावी. उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये किती वाढतात, हे तो बिनदिक्कत सांगतो.

आणि याच पट्ट्यात अनधिकृत बांधकामांचा धोका सर्वांत मोठा आहे. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवल्याचे उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांवर कारवाईचा आदेश दिला. राहायला आलेल्या कुटुंबांच्या हातात करारनामा होता, अनेकांवर कर्जही होते. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडण्यात आल्या. याचा अर्थ महारेरा क्रमांक आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन तो संबंधित महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळून घ्यावा. मोठ्या राष्ट्रीयीकृत बँका त्या इमारतीवर कर्ज देत नसतील, तर त्याचे कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बांधकाम चालू की तयार

बांधकाम चालू असलेले घर स्वस्त दिसते, पण ताबा मिळेपर्यंत भाडे आणि व्याज दोन्ही भरावे लागते. पहिल्या उदाहरणातील कुटुंबाची मासिक क्षमता ५०,००० आहे आणि त्यातले ३०,००० भाड्यात जातात; बँक कर्जाची रक्कम जसजशी बिल्डरला देत जाईल तसतसे व्याज वाढत जाऊन शेवटच्या वर्षी त्यांना श्वास घ्यायला जागा उरणार नाही. म्हणून अशा कुटुंबाने तयार किंवा ताब्याजवळ आलेले घर पाहावे. जे आईवडिलांकडे राहतात, त्यांना बांधकाम चालू असलेले घर तुलनेने सोयीचे पडते.

घेतलेच, तर कायद्याने दिलेला आधार माहीत असावा. नोंदणीकृत करारनामा करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. बांधकामातील दोष ताब्यापासून ५ वर्षांत आढळला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडून मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख शेजारी ठेवून पाहावी. त्याच बिल्डरच्या आधीच्या दोन प्रकल्पांच्याही तारखा पाहाव्यात. माणसाची सवय त्यातून कळते.

म्हाडा, सिडको, पागडी

सोडतीचा अर्ज अवश्य भरावा, पण तिच्यावर आयुष्य टांगू नये. म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०२४ मध्ये २,०३० घरांची सोडत काढली आणि तिला १ लाखाहून अधिक अर्ज आले. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असल्यास अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च गट धरला जातो. पतीपत्नी दोघांचे उत्पन्न एकत्र मोजले जाते. अधिवास प्रमाणपत्र आणि प्राप्तिकर विवरणपत्रे आधीच तयार ठेवावीत. सोडतीतील घराची किंमतही ऐपतीच्या आकड्याशी ताडून पाहावी, कारण नंबर लागल्याच्या आनंदात हप्त्याचा विचार मागे पडतो. सिडकोच्या घरांबाबतही हेच.

पागडीची खोली ‘निम्म्या किमतीत’ मिळते असे ऐकून जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की त्यात मालकी मिळत नाही, भाडेकरूचा हक्क मिळतो. हस्तांतरणात घरमालकाचा वाटा असतो आणि गृहकर्ज सहसा मिळत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनातील घर ठरावीक वर्षे विकता येत नाही. त्याआधी केवळ कुलमुखत्यारपत्रावर ते कोणी विकत असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

आकडा कुठेच बसत नसेल, तर भाड्याने राहणे हा पराभव नव्हे. ६३ लाखांचे घर महिना १८,००० भाड्याने मिळत असेल, तर वर्षाचे भाडे किमतीच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी पडते, आणि कर्जाचे व्याज त्याच्या दुपटीहून अधिक असते. मात्र फरकाची रक्कम खरोखर साठवली गेली पाहिजे. ती हॉटेलात आणि मोबाइलच्या हप्त्यांत गेली, तर शेजाऱ्याने काढलेले महागडे कर्जच शहाणपणाचे ठरते.

टोकन ते नोंदणी

घर पसंत पडले आणि दर दस्तांशी जुळला, तरच टोकन द्यावे. ते चेकने किंवा ऑनलाइन द्यावे आणि एका पानावर लिहून घ्यावे की बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास, कर्ज नामंजूर झाल्यास किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल. रिसेलमध्ये पहिल्या मालकापासूनच्या करारनाम्यांची अखंड साखळी, भाग प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र मागावे. सोसायटीच्या नावावर जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का हे सचिवांना विचारावे, कारण उद्याच्या पुनर्विकासाचा वेग त्यावर ठरतो. सोसायटीला महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य म्हणून २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही. ‘डोनेशन’ मागितल्यास लेखी मागणी द्या, एवढे नम्रपणे म्हणावे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर त्यातून १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या नावे आगाऊ प्राप्तिकर, कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे, आणि ती विसरल्याची नोटीस विक्रेत्याला नव्हे, आपल्याला येते.

करारनाम्यावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत त्याची नोंदणी करावी. नोंदणीनंतर इंडेक्स टूची प्रत काढून त्यावरील क्षेत्रफळ, मजला, सदनिका क्रमांक आणि नावांची अक्षरे तिथल्या तिथे तपासावीत. एका अक्षराची चूकही पुढे चूकदुरुस्तीचा दस्त करायला लावते, आणि त्यासाठी सही करायला आलेला विक्रेता तोवर पुण्याला किंवा कॅनडाला गेलेला असतो.